शिकाऊ म्हणून घेतलं, राबवलं मात्र पूर्ण

इंग्लंडमध्ये पगार घेत शिकता येतं म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच जणी नर्सरीतली ‘अर्ली इयर्स एज्युकेटर’ची लेव्हल 3 अप्रेंटिसशिप धरतात. जरूर धरा. पण माझ्या पहिल्या नर्सरीत काय झालं ते आधी ऐका, मग सही करा.

मी डहाणूची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या पाड्यांवर बालवाड्या भरवल्या, त्या गोष्टी ऐकतच मोठी झाले. लहान मुलांना शिकवणं म्हणजे नुसतं सांभाळणं नव्हे, हे मला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. माझ्या त्या पहिल्या नर्सरीतल्या मॅनेजरबाईंना मात्र ते शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांना फक्त हात हवे होते.

माझ्या वेळी नियम असा होता की पूर्णवेळ शिकाऊ व्यक्तीला आठवड्याला किमान 6 तास कामाच्या वेळेतच, पगारासकट, प्रशिक्षणासाठी मिळायलाच हवेत. (आता अभ्यासक्रमागणिक एकूण तास ठरवून दिले आहेत.) माझा वार होता बुधवार. दर बुधवारी कुणीतरी आजारी पडायचं आणि मला बेबी रूममध्ये पाठवलं जायचं. दोन वर्षांखालच्या 3 बाळांमागे एक मोठं माणूस लागतं. शिकाऊ व्यक्ती सक्षम आणि जबाबदार आहे असं नर्सरीला वाटलं तर तिला या रेशोत धरता येतं. याच सवलतीवर त्यांचा कारभार चालला होता. असाइनमेंट मी रात्री, घरचं सगळं आवरून लिहायचे.

मग आढाव्याला प्रशिक्षण संस्थेच्या ट्युटर आल्या. त्यांनी टॅबवर माझ्या तासांची नोंद उघडली. ‘बुधवार, दुपारी 1 ते 4, भाषाविकास, स्वयंअध्ययन.’ मी तारीख पुन्हा वाचली. त्या दुपारी एक तापलेलं बाळ माझ्या खांद्यावर होतं. खाली ठेवलं की किंचाळायचं. त्याची आई येईपर्यंत मी त्याला घेऊन खिडकीपाशी फेऱ्या मारत होते आणि मॅनेजरबाईंनी ते स्वतः पाहिलं होतं. तरी ही नोंद त्यांचीच. खाली सरकवत गेले तर सगळे बुधवार असेच भरलेले. मी विचारलं तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, “बाळाशी बोलत होतीस ना? मग तोच भाषाविकास.” ते वाक्य आठवलं की आजही माझं डोकं तडकतं.

म्हणून सांगते, स्वतःची वही ठेवा. तारीख, वेळ, कुठल्या खोलीत होता, प्रशिक्षण झालं की बुडालं, सगळं त्याच दिवशी लिहा. मुलाचं नाव मात्र लिहू नका. माझं म्हणणं ट्युटरनी ऐकून घेतलं ते या वहीमुळेच. मुलाखतीतच विचारा, “माझ्या प्रशिक्षणाच्या दिवशी माझ्या जागी कोण असेल?” उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी नर्सरी बघा.

पे-स्लिप नीट वाचा. अप्रेंटिसचा कमी दर 19 किंवा त्याहून जास्त वयाच्यांना फक्त पहिल्या वर्षापुरता लागू असतो. माझं वर्ष उलटलं होतं, तरी एप्रिल 2025 मध्ये तासाला 7.55 पौंडच आले. माझ्या वयाला 12.21 मिळायला हवे होते.

मी राजीनामा दिला तर पत्र आलं की प्रशिक्षणाचा खर्च भरा! असलं पत्र आलं तर एक पैसा देऊ नका. प्रशिक्षणाचा आणि अंतिम परीक्षेचा खर्च अप्रेंटिसकडून मागताच येत नाही, अगदी मध्येच सोडलं तरी. छोट्या मालकाचा किमान 95 टक्के भार सरकार उचलतं. म्हणजे जो खर्च त्यांनी बहुतांश केलाच नव्हता, तो माझ्याकडून वसूल करायला निघाले होते. कामगार-मालक वादांत सल्ला देणाऱ्या अकास (Acas) या संस्थेचा सल्ला फुकट मिळतो. त्यांना विचारून मी उत्तर धाडलं आणि मागणी तिथेच थांबली.

तब्येत सांभाळा, पाठीला जपा, कुणाच्या आवाजाला घाबरू नका. आणि घाईने अप्रेंटिसशिप सोडू नका, नर्सरी सोडा. मालक बदलून तोच अभ्यासक्रम पुढे चालवता येतो. फक्त नवी जागा आधी पक्की करा, कारण अंतिम परीक्षेला बसण्याआधी तुम्ही तयार आहात असं मालकाला लिहून द्यावं लागतं. माझ्या नव्या नर्सरीने ते दिलं, मी पास झाले. पगारातल्या फरकासाठी एचएमआरसीकडे, म्हणजे तिथल्या कर खात्याकडे, तक्रार केली आहे. अशी तक्रार नाव न सांगताही करता येते, म्हणून त्या जुन्या नर्सरीत अजून अडकलेल्या दोघींनाही मी करायला सांगितली आहे.