आधी चिता ओळख, मग पाकीट उघड

भाच्या, रोमन नाणी जमवायची म्हणतोस, आणि त्यातही चिता, वेदी, थडगी असलेली. माझीच आवड उचललीस, म्हणून जीव सुखावला. पण घाई तुझ्या अंगात फार, तेव्हा हे लिहून ठेवते.

१. चिता, वेदी, स्तंभ आणि थडगं यांतला फरक आधी डोळ्यांत बसव – विकणारा चारींना ‘स्मारक’ म्हणतो आणि भाव दुर्मिळाचा लावतो.

२. सुरुवात सम्राट क्लॉडियस गॉथिकसच्या वेदीपासून कर – २७० मध्ये तो गेल्यावरची ही नाणी रग्गड मिळतात, गॉल-ब्रिटनमधल्या त्यांच्या स्थानिक नकलाही मिळतात, आणि दोन्ही शेजारी ठेवली की अस्सल हात कुठला ते कळायला लागतं. स्वस्त वेदीवर डोळा घासावा, मग महाग चितेला हात लावावा.

३. हारांनी सजलेला तळ, मजल्यावर मजले, मध्ये दार आणि माथ्यावर चार घोड्यांचा रथ दिसला, की ती सम्राटाची चिता. १६१ मध्ये वारलेल्या आंतोनायनस पायसची घे, पण त्याआधी इतिहासकार हेरोडियनने केलेलं सम्राट सेप्टिमियस सेव्हरसच्या अंत्यविधीचं वर्णन वाच. सेव्हरसचा देह २११ मध्ये तिकडे यॉर्कलाच दहन झाला होता. रोममध्ये जळला तो मेणाचा पुतळा. लाकडी मजल्यांत सरपण ठासलेलं, आग भडकली की माथ्यावरून गरुड सोडायचा – हे डोळ्यांसमोर असलं, की नखाएवढ्या चांदीतलं ते इवलं दारही तुझ्या नजरेतून सुटायचं नाही.

४. पायसच्या ‘दिवो पियो’ नाण्यावरचा स्तंभ आणि ट्राजनचा स्तंभ यांची गल्लत करू नकोस – ट्राजनचा ११३ मध्ये उभा राहिला, नाणी त्याच्या हयातीतच पडली, अस्थी तळाशी नंतर आल्या. ‘मरणोत्तर नाणं’ म्हणून ट्राजनच्या स्तंभाचं नाणं कुणी पुढे केलं, तर नमस्कार करून पुढच्या टेबलाकडे वळ.

५. सम्राट मॅक्सेंशियसने आपल्या मुलासाठी, रोम्युलससाठी पाडलेलं नाणं मिळालं तर सावकाश बघ: घुमट, त्यावर गरुड, आणि बहुधा किलकिलं असलेलं दार. पोर ३०९ मध्ये गेलं, बापाने रोम आणि ऑस्टिया दोन्ही टांकसाळींतून त्याची आठवण पाडली. या सगळ्या नाण्यांत मला हे सर्वांत जवळचं. तळाची अक्षरं मात्र भिंगातून वाचच – टांकसाळ तिथेच कळते. आपियन मार्गावरचं त्याचं थडगं ते हेच, असं वहीत ठामपणे लिहू नकोस – अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही.

६. मोठ्या पितळी सेस्टर्शियसवर चितेचे मजले नि पुतळे फारच रेखीव दिसले, तर हात आखडता घे – झिजलेल्या नाण्यावर कोरणी चालवून तपशील उठवायचा धंदा जुना आहे. चेहरा झिजला नि चिता ताजी, समजावी ती कोरणीची बाजी.

७. खिशात छोटा वजनकाटा ठेव – पायसच्या काळचा चांदीचा देनारियस सव्वातीन ग्रॅमच्या आसपास भरतो. वजनात फार फरक पडला किंवा कडेला ओतकामाची शिवण दिसली, तर नाणं परत.

८. चिंच, लिंबू, पितांबरी देवघरातल्या भांड्यांसाठीच राहू दे – नाण्यावरचा काळाहिरवा थर खरवडलास, की त्याच्याबरोबर खांबही जातात.

९. आपल्या पावसाळ्यात डबीत सिलिका जेलच्या पुड्या ठेव आणि पीव्हीसीचे मऊ पाउच वापरू नकोस – त्यांचा चिकट थर धातू खातो. फिकट पोपटी भुकटी दिसली, तर ते नाणं त्याच दिवशी वेगळं काढ आणि जाणकाराला दाखव – ओल लागली की ती आतपर्यंत पोखरते.

१०. पावती, जुन्या लिलावाची चिठ्ठी, आधीच्या मालकाच्या हातचं कार्ड, सगळं नाण्याबरोबर ठेव – नाणं जमिनीतून चोरून काढलेलं नाही, हे सांगायला दुसरं काही नसतं. आपल्याकडे १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा अमेरिकेतल्या ताईला ओवाळणी म्हणून फोटो पाठव, नाणं नको.