पाळी पुढे ढकलण्याची गोळी

गौरी-गणपती जवळ आले, की माझ्या दवाखान्यात एक मागणी हमखास येते : "डॉक्टर, पाळी चार दिवस पुढे जाईल अशी गोळी द्या ना!" देवाला पाळीचे वावडे असावे असे मला स्वतःला वाटत नाही, पण घरात सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा गोळी गिळणे सोपे, हेही मी जाणतो.

या गोळीत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असते. स्त्रीच्या बीजकोशात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, तयार होते. त्याच्या आधारावर गर्भाशयाचे अस्तर टिकते. ते घटले, की अस्तर सुटून पाळी येते. त्याचेच काम करणारे हे कृत्रिम संप्रेरक १९५१ साली मेक्सिकोत तयार झाले. अतिरक्तस्राव, अनियमित पाळी अशा तक्रारींवर ते उपयोगी आहे.

पाळी लांबवण्यासाठी साधारणतः ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा, अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून देतात. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. न आल्यास गर्भाची तपासणी करावी, कारण अशी घेतलेली ही गोळी गर्भनिरोधक नव्हे. स्तन दुखणे, मळमळ, डोकेदुखी, चिडचिड हे त्रास काहींना होतात. ते तात्पुरते असतात.

खरी काळजी वेगळीच. एक भगिनी जावेकडे उरलेल्या गोळ्या घेऊन सहज विचारायला आल्या. चौकशी करता कळले, बाळंतपणानंतर त्यांच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. जावेला मानवलेली गोळी त्यांना मुळीच चालणारी नव्हती! नॉरएथिस्टेरॉनचा थोडा अंश शरीरात इस्ट्रोजेनसारखा बनतो आणि एवढ्या मात्रेत गुठळीचा धोका वाढू शकतो. त्या वर्षी गौरीचा नैवेद्य जावेने रांधला.

ज्यांना पूर्वी गुठळी, हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात झाला आहे, यकृताचा विकार वा स्तनाचा कर्करोग आहे, अंगावरून अकारण रक्त जाते किंवा दिवस राहिल्याची शंका आहे, त्यांनी ही गोळी घेऊ नये. फिटच्या किंवा क्षयाच्या काही औषधांनी तिचा परिणाम कमी होतो, म्हणून चालू औषधे डॉक्टरांना सांगावीत.

गोळी चालू असताना एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, एकाएकी दम लागला, छातीत दुखले किंवा दिसणे बिघडले, तर गोळी थांबवून तडक इस्पितळ गाठावे. आणि मागणी घेऊन यायचे ते सणाच्या आठ-दहा दिवस आधी, मागच्या पाळ्यांच्या तारखा लिहून.