घोडा जिंकला, तरी पैसे बुडाले

‘आबा ऐन वेळी घाबरला म्हणून डाव फसला,’ असं माझा भागीदार सारंगखेड्याच्या घोडेबाजारात सांगत फिरतोय. म्हणून हिशेबच मांडतो.

पुण्याच्या पावसाळी हंगामात रेसकोर्सवर दोघांनी निम्मे-निम्मे पैसे घालायचे, दर शर्यतीला सरसकट 200 रुपये, असं ठरलं होतं. पैसे लावायला तो जाणार, कारण घोड्यांतलं त्याला कळतं! सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत देवमण, पंचकल्याणी अशा खुणा आणि रेवाल चाल बघून मारवाडी घोड्याची किंमत करणं वेगळं आणि थरोब्रेडवर पैसे लावणं वेगळं. पण त्याला सांगणार कोण?

पहिली शर्यत हरल्यावर मला न विचारता त्याने 400 लावले, मग 800, मग 1,600. चारही गेल्या. पाचवीला फेव्हरिट जिंकला. हा पठ्ठ्या माझ्या हातात तिकीट कोंबून टोपी उडवत नाचायला लागला. तिकिटावर 3,200! तेव्हा मला सगळं उमगलं. भाव रुपयाला साठ पैसे, म्हणजे सुटले 1,920. आधी गेलेले 3,000. घोडा जिंकूनही 1,080 चा खड्डा. मी बोट ठेवून दाखवलं, तर म्हणतो, “आबा, अपशकुन नका करू. एकच डाव, सगळं फिटतं.” त्या एका डावात 6,400 गेले.

दुपटीचा डाव हमखास भरून निघतो तो बरोबरीचा किंवा वरचा भाव मिळाला तरच. फेव्हरिटचा भाव अनेकदा त्याखाली असतो, आणि फेव्हरिट तीनात साधारण एकदाच जिंकतो. या मानाने ओळीने सात हार शंभरात सहा वेळा यायच्याच. शंभरापासून दुप्पट करत गेलात, तर सातव्या हारेपर्यंत 12,700 गेलेले असतात.

सरसकट रक्कम लावणं कंटाळवाणं आहे, पण किती गेले ते कळतं तरी. त्याहून बरं म्हणजे दर वेळी उरलेल्या पैशांचे दोन टक्के लावणं. दहा हजारांतून 200 च्या वीस हारांनंतर 6,000 राहतात. दोन टक्क्यांनी सुमारे 6,676. किती टक्के लावायचे याचं सूत्र 1956 साली केली नावाच्या अमेरिकन संशोधकाने दिलं. तीनास एक भाव असलेला घोडा शंभरात तीस वेळा जिंकेल असं वाटत असेल, तर पावणेसात टक्क्यांच्या आत लावा. पंचवीसच वाटत असेल, तर काहीच लावू नका. ‘वाटतं’ हीच यातली गोम. माझ्या भागीदाराला सगळेच घोडे जिंकतील असं वाटतं.

कोणतीही पद्धत घ्या, वर कर आहेच: डावाच्या पूर्ण रकमेवर जीएसटी 1 ऑक्टोबर 2023 पासून 28 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 40. साठ पैशांच्या घोड्यावर मग उरतं काय? यात्रेतल्या शर्यतींवर कोणी गुपचूप पैसे घेत असेल, तर तिथे उभंही राहू नका. तो सरळ जुगाराचा गुन्हा आहे. कर्ज काढून खेळू नका, हे तर सगळेच सांगतात.

भागीदारीत मात्र रक्कम आधी कागदावर लिहा, दोघांच्या सह्या घ्या, आणि प्रत्येक तिकीट शर्यत सुटण्याआधी बघा.

ठरल्याप्रमाणे 200 लावले असते, तर सहा शर्यतींत कर सोडून 880 गेले असते. प्रत्यक्षात 7,480 गेले. माझ्या वाट्याचे 440 मला मान्य आहेत. उरलेले 3,300 त्याच्याकडे निघतात.