शाळेची इमारत : मूठ, कर्ज आणि मत

शाळेसंबंधी गावात बोलणे निघाले की पहिला प्रश्न पैशाचा येतो, आणि तो बहुधा इमारतीच्या पैशाचा असतो. शिक्षकांचा पगार महिन्याच्या महिन्यास भागविता येतो. इमारतीस मात्र सगळी रक्कम एकदम लागते आणि तिचा उपयोग पुढे तीस-चाळीस वर्षे व्हावयाचा असतो. आज देणाऱ्याने द्यावे किती आणि उद्या वापरणाऱ्यावर ठेवावे किती, याचा मेळ कसा घालावा, हे येथे थोडे हिशेबाने पाहू.

गोमंतकातील जुनी रीत मुठीची. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आले, हिंदूंवरील निर्बंध सैल झाले आणि त्यानंतर ठिकठिकाणी मराठी शाळा निघू लागल्या. कोठे देवळाची अग्रशाळा, कोठे एखाद्या घराची पडवी, हीच इमारत. पणजीच्या एका शिक्षणसंस्थेने तर 'मुष्टिफंड' हेच नाव धारण केले आहे. भात शिजविण्यापूर्वी एक मूठ तांदूळ शाळेसाठी बाजूस काढावयाचे, एवढाच तिचा अर्थ. महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेनेही लोकांच्या धान्याचा आणि श्रमांचा असाच आधार घेतला. या रीतीत सक्ती नाही, व्याज नाही, आणि गरिबाचीही मूठ श्रीमंताएवढीच भरते. उणीव एकच की मुठीने भिंती लवकर उभ्या राहत नाहीत.

१९६१ साली गोवा मुक्त झाला आणि पेडण्यातच जन्मलेले पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या कारकिर्दीत खेडोपाडी सरकारी प्राथमिक शाळा पोहोचल्या. त्या उपकाराविषयी आम्ही अधिक लिहिण्याची गरज नाही. मात्र तेव्हापासून इमारत म्हणजे सरकारचे काम, अशी आपली समजूत पक्की झाली, आणि नळाची तोटी गळू लागली तरी आपण अर्ज लिहावयास बसतो.

तिसरी रीत आपल्याकडे अपरिचित आहे. पण कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ती चांगली ठाऊक असते. तेथे शाळांचा जिल्हा इमारतींसाठी कर्जरोखे काढू इच्छितो तेव्हा तो प्रश्न मतपत्रिकेवर येतो. रोखे विकून रक्कम उभी राहते आणि पुढे वीस-तीस वर्षे घरजमिनीवरील जादा करातून ती व्याजासह फेडली जाते. पूर्वी यासाठी दोनतृतीयांश मते लागत. नोव्हेंबर २००० मध्ये संमत झालेल्या ३९ क्रमांकाच्या प्रस्तावाने ही अट ५५ टक्क्यांवर आणली. (गंमत अशी की हा प्रस्ताव स्वतः ५३ टक्क्यांच्या आसपास मतांनीच निभावला!) सवलतीबरोबर बंधनेही आली : कामांची यादी मतदानापूर्वीच जाहीर करावयाची, पैसा पगाराकडे वळवावयाचा नाही, दरवर्षी हिशेबतपासणी करावयाची, आणि देखरेखीस करदाते, पालक व वृद्ध यांचे प्रतिनिधी असलेली नागरिकांची समिती नेमावयाची.

हे ओझे केवढे, ते एका कल्पित गावावरून पाहू. समजा, ५० लाखांचे कर्ज ७ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी काढले आणि गावात ४०० घरे आहेत. वर्षाचा हप्ता सुमारे ४ लाख ७२ हजार येईल, म्हणजे घरामागे ११८० रुपये. वीस वर्षांत एकूण फेड सुमारे ९४ लाख ४० हजार होईल. मत देताना घरटी ११८० हा आकडा डोळ्यांपुढे असतो. ९४ लाखांचा आकडाही तितक्याच ठळकपणे सांगितला गेला पाहिजे.

उमेदवाराऐवजी प्रश्नावर मत देण्याचा अनुभव गोमंतकीयांना एकदा आलेला आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. पण त्यासाठी संसदेस खास कायदा करावा लागला होता. पुणे महानगरपालिकेने २०१७ साली पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले, तेव्हाही मतपत्रिकेवर नागरिकांचा कौल घेतलेला नाही. आपल्या हाती आहे ती ग्रामसभा. तिच्यातही एक गाठ आहे : तेथे मत गावच्या मतदारयादीतील माणसास असते, तर घरपट्टी घरमालक भरतो. मुंबईस राहणारा मालक पट्टी भरतो आणि त्यास मत नाही. भाडेकरू यादीत असला तर त्यास मत आहे आणि पट्टी नाही. ५ जानेवारी २०२३ पासून मोपा येथील विमानतळावरून विमाने उडू लागली. अशा ठिकाणी बाहेरून येऊन राहणाऱ्यांची संख्या वाढते, तशी ही गाठ अधिकच घट्ट होते.

कर्जरोखे आपल्या आवाक्यातले नसले तरी त्यांची बंधने घेण्यास कोणाची परवानगी लागत नाही. आमच्यासारख्या न्यासाने देणगी गोळा करण्यापूर्वी कामांची यादी लावावी, आणि देखरेखीस विश्वस्त नसलेली माणसे घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

राहता राहिली डागडुजी. तिचा पैसा रोख्यांतही नसतो आणि उद्घाटनाच्या भाषणातही नसतो. वरच्याच गावात प्रत्येक घराने रोज ५० ग्रॅम तांदूळ काढले तर दिवसाचे २० किलो, वर्षाचे ७३०० किलो होतील. किलोस ४० रुपये धरले तर २ लाख ९२ हजार. कर्जाचा हप्ता त्यात भागत नाही. पण निम्म्याच घरांनी मूठ दिली तरी १ लाख ४६ हजार हाती येतात, आणि तेवढ्यात पावसाळ्यापूर्वी कौले परतणे, भिंतींस चुना देणे आणि मुलींचे शौचगृह वर्षभर स्वच्छ ठेवणे यांची बरीचशी सोय लागते.