मेहरौलीचा लोहस्तंभ : एक लेख, दोन वाचने

दिल्लीच्या दक्षिणेस मेहरौली येथे कुतुबमिनाराच्या आवारात उभा असलेला लोहस्तंभ साहित्याच्या अभ्यासकांस परिचित आहे तो त्यावरील कोरीव लेखामुळे. गुप्तकालीन ब्राह्मी लिपीतील सहा ओळी, त्यांत शार्दूलविक्रीडित वृत्तातील तीन संस्कृत श्लोक आणि चंद्र नावाच्या राजाची प्रशस्ती, एवढाच त्याचा विस्तार. सुमारे ७ मीटर उंचीच्या व ६ टनांहून अधिक वजनाच्या या स्तंभाचा दुसरा वाचकवर्ग मात्र साहित्यविभागात सहसा भेटत नाही. तो द्रव्यविज्ञानाचा, म्हणजे मटेरियल्स सायन्सचा, अभ्यासक होय. (पदार्थविज्ञान हा शब्द अधिक सोयीचा होता, परंतु एकोणिसाव्या शतकातील मराठीने तो भौतिकशास्त्रासाठी आधीच खर्ची घातला.)

लेखाच्या वाचनात मराठी विद्वत्तेचा वाटा मोठा आहे. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३८ मध्ये राजाचे नाव ‘धव’ असे वाचले होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८७१ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे सुधारित वाचन मांडले व ते नाव ‘चंद्र’ असल्याचे दाखविले. हा निबंध त्यांच्या निधनानंतर १८७५ मध्ये छापला गेला. फ्लीट यांच्या १८८८ च्या गुप्तलेखसंग्रहातही चंद्र हेच नाव कायम राहिले. हा चंद्र म्हणजे दुसरा चंद्रगुप्त, असे बहुतेकांचे मत आहे. भाऊ दाजी व्यवसायाने वैद्यक डॉक्टर होते, हे येथे विसरता येत नाही.

लेखात स्तंभाला विष्णूचा ध्वज म्हटले आहे. तो लोखंडाचा असल्याचा उल्लेख मात्र कोठेही नाही. राजा भूमी सोडून गेला तरी त्याचा प्रताप महावनात विझलेल्या अग्नीच्या धगीसारखा मागे उरला, अशी एक कल्पना त्यात आहे. साहित्याचा वाचक तिच्याकडे उपमा म्हणून पाहतो. परंतु हा स्तंभही लाकडी कोळशाच्या आगीतूनच आला आहे. लहान भट्ट्यांत खनिजापासून लोह वेगळे होई, पण ते वितळत नसे; हाती येत ते ओबडधोबड गोळे. असे गोळे तापवून, घणांनी ठोकून एकमेकांस सांधले आणि स्तंभ घडविला. मराठीतील ‘लोखंड’ या शब्दाचे नाते ‘लोहखंड’ या शब्दाशी सांगितले जाते. ते येथे शब्दशः खरे ठरावे, हा योगायोग मनोरंजक आहे.

स्तंभ गंजत नाही त्याअर्थी तो शुद्ध लोहाचा किंवा एखाद्या लुप्त मिश्रधातूचा असावा, ही समजूत अद्याप प्रचलित आहे. रॉबर्ट हॅडफील्ड यांच्या १९१२ च्या पृथक्करणात फॉस्फरसचे प्रमाण ०.११ टक्क्यांच्या आसपास आढळले. आधुनिक पोलादात ते सामान्यतः याच्या निम्म्याहूनही कमी ठेवतात. जुन्या भट्टीत चुनखडी घालीत नसत, म्हणून फॉस्फरस धातूतच राही. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखविले की, पावसाने भिजणे व उन्हाने वाळणे यांच्या आवर्तनांत या फॉस्फरसामुळेच पृष्ठभागावर घट्ट संरक्षक थर तयार होतो. म्हणजे ज्यास आजचा कारखानदार अशुद्धी म्हणेल, तिनेच राजाची कीर्ती राखली. जमिनीखालील भाग मात्र गंजलेला आढळला.

बालसुब्रमण्यम तेथेच थांबले नाहीत. लेखातील विष्णुपद म्हणजे विदिशेजवळील उदयगिरी, असे त्यांनी मांडले. हे मत सर्वांस मान्य नाही. परंतु धातुशास्त्रज्ञ श्लोकाकडे वळला, ही गोष्ट महत्त्वाची आहे. उलट दिशेचा प्रवास विरळ. दिल्लीत तर तंत्रज्ञान संस्थेचा द्रव्यविज्ञान विभाग आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील संस्कृत व भारतीय भाषांचे अध्ययन हे मेहरौलीपासून काही किलोमीटरांच्या आतच आहेत.

मराठीपुरते पाहावयाचे तर महानुभाव पोथ्यांचा कागद व शाई आणि यादवकालीन ताम्रपटांचा धातू अशा परीक्षणास उपलब्ध आहेत. बनावट ताम्रपटांचा प्रश्न जुना आहे. तांब्यातील इतर धातूंचे प्रमाण त्याच वंशाच्या निःसंशय ताम्रपटांशी ताडून पाहता येते. मात्र खोटे दानपत्र जुन्याच तांब्यावर कोरलेले असेल, तर ही साक्ष अपुरी पडते, आणि अक्षरवटिका व भाषा यांकडेच परत यावे लागते.