बदललेला खुबा सैल झाला का? जुनी फिल्म जपून ठेवा



खुबा बदलून आठ-दहा वर्षे झाली. चालणे बरे होते. आता मात्र वंदना संपल्यावर विहारातल्या खुर्चीवरून उठताना पहिली चार पावले मांडीत कळ येते, मग कमी होते. घरचे म्हणतात, वय झाले. पण हाडात बसवलेला दांडा सैल झाला तरी अशीच कळ येते. वाटी सैल झाली तर ती बहुधा जांघेत जाणवते.

तपासणी साध्या एक्स-रेने सुरू होते. दांडा आणि हाड यांच्यामध्ये काळी रेघ आहे का, दांडा खाली सरकला का, वाटी कलली का, सिमेंटला तडा गेला का, हे डॉक्टर पाहतात. दोन मिलिमीटरपेक्षा रुंद रेघ संशयाची. पण बारीक रेघ पहिल्यापासूनही असू शकते. ती वाढली का, हे जुनी फिल्म शेजारी धरल्याशिवाय कळत नाही. म्हणून ऑपरेशननंतरची पहिली फिल्म घराच्या कागदांइतकी मोलाची. आपल्याकडे ती गादीखाली दुमडते, पावसात चिकटते. 2019 च्या पंचगंगेच्या पुरात तर अनेकांची कागदपत्रे गेली. फिल्म खिडकीच्या उजेडात धरून मोबाईलवर फोटो काढा आणि मुलांच्या मोबाईलवरही पाठवून ठेवा.

डिस्चार्ज कार्ड आणि सांध्याचे स्टिकर यांचाही फोटो घ्या. डीप्यू कंपनीने 'एएसआर' हा धातूवर धातू घासणारा खुबा 2010 मध्ये जगभरातून मागे घेतला. भारतातही तो हजारोंना बसवला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत गुन्हा नोंदवला, पुढे केंद्राच्या समितीने भरपाई सुचवली. पण कितीतरी रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नाही.

एक्स-रेने शंका फिटली नाही तरच पुढच्या तपासण्या. हाड किती झिजले ते सीटी स्कॅन दाखवतो. बोन स्कॅन ऑपरेशननंतर वर्षभरात फारसा उपयोगी नाही, कारण तेव्हा हाड भरत असते आणि तसेही उजळ दिसते. धातू असला की एमआरआय होतच नाही, हा गैरसमज आहे. मात्र मशीनवर वेगळी पद्धत लावावी लागते, म्हणून आधी सांगा. थेट महागडा स्कॅन लिहून दिला, तर "डॉक्टर, जुना-नवा एक्स-रे ताडून पाहिला का?" असे विचारायला संकोच नको.

जंतुसंसर्गानेही सांधा सैल होतो आणि फिल्मवर दोन्ही सारखेच दिसू शकते. त्यासाठी रक्त आणि सांध्यातले पाणी तपासतात. दुखण्यासोबत ताप असेल किंवा जुन्या जखमेतून स्राव येत असेल, तर गोळी घेऊन थांबू नका. त्याच दिवशी सीपीआरला जा, फिल्म सोबत घेऊन.