कळलावी : सावलीच्या बागेतील विषारी वेल

मध्य भारतातील पानझडी वनांच्या कडेला आणि झुडपांच्या जाळीतून पावसाळ्यात वर येणारी कळलावी ही आपल्याकडील अत्यंत देखणी आणि तितकीच विषारी वेल होय. हिचे शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा असून पूर्वी लिलीच्या कुळात गणली जाणारी ही वनस्पती आता कोल्चिकेसी कुळात समाविष्ट केली जाते. नांगराच्या आकाराच्या कंदावरून संस्कृतात तिला 'लांगली' व ज्वाळेसारख्या पाकळ्यांवरून 'अग्निशिखा' म्हणतात. प्रसूतीच्या कळा याव्यात म्हणून तिचा कंद वापरीत. त्यावरून 'कळलावी' हे मराठी नाव पडले. हा उपयोग जिवावर बेतणारा असल्याने सर्वथा वर्ज्य मानावा. हिंदी भाषक तिला 'कलिहारी' या नावाने ओळखतात.

जागा व माती

जबलपूरजवळील गढा ही गोंड राजांची जुनी राजधानी. तेथील मदनमहालाची टेकडी ग्रॅनाइट खडकाची आहे. अशा खडकांच्या फटींतील निचऱ्याची माती व विरळ सावली या वेलीला मानवते. सखल भागातील काळ्या मातीत मात्र पाणी साचून कंद कुजतो. म्हणून गढ्यासारख्या ठिकाणी घरच्या बागेत जमिनीपासून वीतभर उंच वाफा करून त्यात माती, जाड वाळू व कुजलेला पालापाचोळा मिसळावा. वेलीच्या पायाशी सावली व शेंड्याला सकाळचे ऊन अशी जागा उत्तम. दाट सावलीत पाने येतात, पण फुले थोडी लागतात.

लागवड

इंग्रजी 'व्ही' अक्षराप्रमाणे दुभंगलेल्या कंदाच्या टोकाशी डोळा असतो. तो मोडल्यास ती फांदी सहसा उगवत नाही. मे अखेरीस किंवा जूनच्या आरंभी कंद आडवा ठेवून सुमारे ८ सेंटिमीटर खोल लावावा. पहिल्या पावसानंतर कोंब येतो. पानांची टोके तणाव्याप्रमाणे वळून आधाराला विळखा घालतात. म्हणून जवळ काटक्यांचा आधार किंवा एखादे झुडूप असावे. वेल २ ते ३ मीटर वाढते. फुलाच्या सहा पाकळ्या मागे वळलेल्या असून प्रथम हिरवट, मग पिवळ्या व शेवटी लाल होतात. पावसाळा सरल्यावर वेल वाळते. तेव्हा पाणी बंद करून कंद जमिनीतच विश्रांती घेऊ द्यावा.

बियांपासूनही रोपे होतात, परंतु उगवण सावकाश होते व फुले येण्यास तीन-चार वर्षे लागतात. रानातील कंद खणून आणू नयेत, ते याच कारणासाठी. औषधी व्यापारासाठी झालेल्या खणतीमुळे ही वेल अनेक भागांत दुर्मीळ झाली असून गेलेल्या वेलीची जागा भरून निघण्यास दीर्घ काळ लागतो. तमिळनाडूतील शेतकरी बियांसाठी तिची लागवड करतात. तेव्हा लागवडीतील कंद किंवा बीच घ्यावे.

विष व दक्षता

वेलीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात व बियांत, कोल्चिसिन हे द्रव्य असते. ठराविक मात्रेत ते संधिवाताच्या एका प्रकारावर औषध आहे. अधिक मात्रेत ते पेशींचे विभाजन थांबवते. त्यामुळे ज्या पेशी सतत विभागत असतात, त्या आतड्याच्या अस्तराला व अस्थिमज्जेला प्रथम इजा पोहोचते. काही तासांत उलट्या, पोटदुखी व जुलाब सुरू होतात. शिजवल्यानेही हे विष नाहीसे होत नाही, आणि त्यावर सहज उपलब्ध असा उतारा नाही. कंद रताळे किंवा कोनफळ समजून खाल्ल्याने मृत्यू ओढवल्याची उदाहरणे आहेत.

यास्तव पुढील नियम कटाक्षाने पाळावेत. कळलावीचा वाफा भाजीपाल्यापासून, विशेषतः रताळी, सुरण यांपासून, दूर असावा. कंद हाताळताना हातमोजे घालावेत व लागवडीसाठी काढलेले कंद स्वयंपाकघरात कधीही ठेवू नयेत. पिकलेली बोंडे उकलल्यावर दिसणाऱ्या लालसर बिया मुलांना भुरळ पाडतात. म्हणून बोंडे उकलण्यापूर्वीच काढावीत. कंद वा बिया पोटात गेल्याची शंका आली, तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे व वेलीचा तुकडा सोबत न्यावा.

हिवाळ्यापासून जूनपर्यंत जमिनीवर वेलीची खूणही उरत नाही, आणि याच काळात नव्या माणसाच्या कुदळीला कंद लागण्याचा धोका अधिक असतो. म्हणून वाफ्याभोवती दगडांची कड घालून 'कलिहारी – विषारी' अशी न पुसणारी पाटी तेथे कायम ठेवावी. हे लावणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.